एक हजार चोवीस आठवड्यांनी शेंदूरजनाघाट

जानेवारीत वऱ्हाडात निघालेल्या माणसाला पुण्यात कुणी 'का' म्हणून विचारत नाही, 'कुणाचं लग्न?' असं विचारतात. माझ्याकडे लग्न नव्हतं. म्हणून मी शेजारच्या काकूंना सांगितलं, की संत्री खायला चालले आहे. त्या म्हणाल्या, "कोपऱ्यावर मिळतात की!"

खरं कारण कपाटाच्या वरच्या खणात सापडलं होतं. हातात मावणारं, पिवळ्या रंगाचं, साबणाच्या डबीएवढं एक जीपीएस यंत्र. वीस वर्षांपूर्वी भाच्यानं, नीलेशनं, परदेशातून आणून दिलेलं. मी भूगोलाची शिक्षिका, त्यामुळे अख्ख्या शाळेत त्याचा केवढा तोरा! 'आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत' हे सांगणारं यंत्र माझ्या पर्समध्ये होतं आणि ते मी ज्याला त्याला दाखवत असे. मग एका मे महिन्यात ते घेऊन वऱ्हाडात गेले, परत आले, आणि ते कपाटात टाकलं ते टाकलंच.

ह्या जानेवारीत आवराआवर करताना ते हाती लागलं. नवे सेल घातले, गच्चीवर नेलं. बराच वेळ उपग्रह शोधून झाल्यावर त्यानं माझं घर बिनचूक दाखवलं आणि खाली तारीख दाखवली: मे, दोन हजार पाच.

मी स्वेटर घालून उभी होते.

नीलेशला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, ते बिघडलेलं नाही. उपग्रह तारीख पाठवत नाहीत. ते फक्त कितवा आठवडा चालू आहे ते सांगतात, आणि त्यांचं मोजणं एक हजार तेवीसपर्यंतच जातं. त्याच्या पुढच्या आठवड्याला पुन्हा शून्य. तुझ्या जुन्या स्कूटरचा मीटर नव्हता का, सगळे नऊ झाले की शून्यावर यायचा? तसंच. नव्या यंत्रांना हे समजतं. तुझ्या ह्या यंत्राला वाटतंय आपण मागच्याच फेरीत आहोत."

एक हजार चोवीस आठवडे. म्हणजे एकोणीस वर्षं आणि साडेसात महिने. यंत्र तेवढंच मागे होतं, आणि रोज इमानानं एकेक दिवस पुढे सरकत होतं. मी कॅलेंडरशी ताडून पाहिलं. ते ज्या आठवड्याकडे सरकत होतं, त्याच आठवड्यात मी इंदूशी भांडले होते.

इंदू आणि मी पुण्याच्या एका शाळेत नऊ वर्षं शेजारी शेजारी बसलो. ती गणित शिकवायची. तिच्या यजमानांची, नामदेवरावांची, नोकरी तेव्हा पुण्यात होती. पुढे ते दोघं गावी, शेंदूरजनाघाटला, संत्र्यांचा बगीचा सांभाळायला गेले. दुसऱ्या वर्षी मी तिच्याकडे गेले. चार दिवस लाडात काढले. पाचव्या दिवशी, रविवारी, तिनं माझ्यासाठी मळ्यात रोडग्यांची, म्हणजे विस्तवात भाजलेल्या कणकेच्या गोळ्यांची, पंगत धरली होती. माझं परतीचं आरक्षण शनिवारचं होतं. तिकीट बदलता आलं असतं. मी बदललं नाही, कारण ठरलं ते ठरलं. बसस्टँडवर मी तिला म्हणाले, "तुमच्याकडे वेळेला किंमत नाही." ती म्हणाली, "अन् तुमच्याकडे मानसाले." बस आली. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही, काही नाही.

मैत्रिणी आयुष्यात फार मिळत नाहीत. मला तर एकच मिळाली होती. तिचं दार माझ्यासाठी अजून उघडतंय का, एवढंच मला बघायचं होतं. पण असं कारण सांगून कुणी तिकीट काढतं का? यंत्राचं निमित्त बरं होतं. त्याच्या पोटात त्या प्रवासात नोंदवलेली सहा ठिकाणं होती. ती एकेक करून पुन्हा गाठायची, असं मी स्वतःला सांगितलं आणि मागच्या वेळी अकोल्याला उतरले तो बुधवार यंत्रात उजाडेल अशा बेतानं निघाले. परतीचं तिकीट अर्थातच शनिवारचं काढलं. जित्याची खोड.

बुधवार, अकोला (यंत्राच्या मते उन्हाळा)

अकोल्याला सकाळी उतरले तेव्हा चांगलाच गारठा होता. रिक्षावाले शेकोटीभोवती उभे होते. मी कानटोपी सावरत यंत्र काढलं. बुधवार, पंचवीस मे. अकोल्याचा मे महिना ज्यानं भोगला आहे त्याला यातला विनोद कळेल. मी भोगला होता. दुपारी बाराला मागल्या खेपेस ह्याच स्टेशनाबाहेर माझ्या चपलेचा तळ डांबराला चिकटला होता.

"हे काय हाय मॅडम, वॉकीटॉकी?" शकूरभाई नावाच्या रिक्षावाल्यानं विचारलं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. शिक्षकांना हे थांबवता येत नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वार काय सांगते?"

"बुधवार."

"आज बुधवारच हाय ना? मंग खराबी कुठं हाय? तारीख कोन पाह्यते मॅडम. वार बरोबर पाह्यजे. बाजार वारावर भरते."

खरंच की. पूर्ण आठवडेच वजा झालेले, म्हणजे वार चुकायचं कारणच नव्हतं. ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती आणि शकूरभाईंनी रिक्षा सुरू करता करता सांगून टाकली.

पहिलं ठिकाण मोर्णा नदीच्या पलीकडे, जुन्या शहरात होतं. मागच्या वेळी इंदू मला घ्यायला अकोल्यापर्यंत आली होती आणि स्टेशनवरून आधी तिनं मला इथे आणलं होतं, भट्टीवरचे खारे फुटाणे घ्यायला. पाव किलो फुटाणे तिनं पुलावरून परत येईपर्यंत संपवले होते. गल्ल्या अरुंद, वर सज्जे एकमेकांना टेकलेले, आकाश दिसेल तर शपथ. यंत्राला उपग्रह मिळेनात. मी गल्लीच्या मधोमध हात उंच करून उभी राहिले. मागे सायकली, हातगाड्या, एक म्हैस, सगळी वाहतूक खोळंबली. पुण्यात एव्हाना माझा उद्धार झाला असता. इथे एक बाई फक्त म्हणाल्या, "रेंज नाई येत का माय?"

अखेर यंत्र बोललं. त्याच्या मते मी मोर्णेच्या पात्रात उभी होते.

शकूरभाईंनी पडद्यात डोकावून पाहिलं. "हे काही खरं नाई. फुटान्याचं दुकान म्हनता ना? मंग नाकानं शोधा." आम्ही नाकानं शोधलं. दोन वळणं घेतल्यावर भट्टीचा खमंग वास आला. दुकान अर्धं झालं होतं, दुसऱ्या अर्ध्यात मोबाइलची कव्हरं लटकत होती. मी अर्धा किलो खारे फुटाणे घेतले. ते पिशवीच्या तळाशी जपून ठेवले.

गुरुवार, राजापेठ

अमरावतीला मी एक दिवस मुक्काम केला. कारण एकच, चुकीची तारीख मला सहन होत नाही. इंदूसमोर यंत्र काढायचं तर ते नीट चालणारं हवं, अशी माझी समजूत होती. शिवाय, खरं सांगायचं तर, मी वेळ काढत होते.

राजापेठेत रस्ता ओलांडणं हा एक स्वतंत्र प्रवास आहे. शिकवणीचे वर्ग सुटायची आणि भरायची वेळ एकच असावी. पाठीवर दप्तर लावलेली मुलंमुली दुचाकींवरून अशी येत होती, की माझ्या साऱ्या सेवाकाळात इतके विद्यार्थी मी एकदम पाहिले नव्हते. जीव मुठीत धरून पलीकडे गेले आणि बक्षीस म्हणून एक गिला वडा खाल्ला. दही आणि चटण्यांत बुडालेला वडा. पुण्यात आपण दहीवडा म्हणतो तो ह्याच्यापुढे फारच शिस्तीचा वाटतो. इथे दह्याला वाटीत राहण्याची सक्ती नाही. ते ओघळून मनगटापर्यंत येतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही.

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात एक तरुण मालक भिंग लावून बसला होता. यंत्र पाहिल्याबरोबर त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं, चहा मागवला आणि मला विचारलं, की कुठल्या, इथे कोण आहे, आणि एकट्याच कशा फिरून राहिल्या. पुण्यात दुकानदाराला ह्यातलं काहीही जाणून घ्यायचं नसतं. मला आधी रागच आला. मग चहा आला. मग मी त्याला चक्क इंदूबद्दल सांगून बसले.

त्यानं यंत्र उलटंसुलटं केलं, संगणकाला जोडलं, बरंच शोधलं. "होऊन जाईन मॅडम. नवीन सॉफ्टवेअर टाकतो, तारीख ओक्के होईन. पन आतलं सारं साफ होईन."

"आतलं म्हणजे?"

"हे सहा पॉइंट. ते ऱ्हायनार नाई."

मी यंत्र परत घ्यायला हात पुढे केला.

"तारीख पाह्यजे का ठिकान पाह्यजे, ते सांगा," तो म्हणाला. "दोन्ही नाई भेटत."

मी ठिकाणांची यादी उघडली. प्रत्येकापुढे वार आणि तारीख होती. दुसरं, तिसरं वाटेतले चहाचे थांबे. चौथं इंदूचं घर. पाचवी तिच्या मळ्यातली विहीर. सहावं बसस्टँड, शनिवार, अठ्ठावीस मे. तिथे मी रागानं बटण दाबलं होतं, की झालं, संपलं, इथून निघाले. त्यानंतर एकही नोंद नव्हती. मी यंत्र पर्समध्ये टाकलं. त्यानं चहाचेही पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "मैत्रीन भेटली तं येजा सांगाले."

शुक्रवार, शेंदूरजनाघाट

वरूडच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे सुरू होतात आणि मग ते संपतच नाहीत. काळी माती, गडद हिरवी झाडं, उत्तरेला सातपुड्याची निळसर ओळ. मृगाच्या बहाराची फळं अजून झाडावर होती, हिरव्यात पिवळं उतरू लागलेली. मे महिन्यात मी ह्याच झाडांना धुळीनं माखलेली पाहिलं होतं. इंदू तेव्हा म्हणाली होती, "हिवाळ्यात येजो, मंग पाह्य." मी वीस हिवाळे उशिरा आले होते.

साडेचारला मी गावात पोचले. यंत्र म्हणालं, घर इथून आठशे मीटर. मी समोरच्या टपरीवर बसले. एक चहा घेतला, दुसरा घेतला. उकडलेल्या तुरीच्या शेंगांचा एक द्रोण घेतला. इथे हिवाळ्यात माणसं शेंगदाण्यासारख्या तुरीच्या शेंगा सोलत बसतात, मिठात उकडलेल्या. वेळ काढायला ह्याच्यासारखं खाणं नाही. मनात वाक्यं जुळवत होते. 'इकडून चालले होते म्हणून आले' हे चालण्यासारखं नव्हतं. शेंदूरजनाघाटवरून कुणी सहज जात नाही.

यंत्रात सूर्यास्ताची वेळ दाखवणारं एक पान आहे. ते उघडलं. सूर्यास्त सहा छप्पन. म्हटलं, भरपूर उजेड आहे, अजून एक चहा.

इथे वाचकांनी मला हसून घ्यावं. दिवस हिवाळ्यात लहान का असतो, हे मी तीस वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवलं. आणि मे महिन्यात जगणाऱ्या यंत्राला मी जानेवारीतला सूर्यास्त विचारत होते!

पावणेसहाला उठले. रस्ता वळसा घालून जात होता, यंत्राचा बाण मात्र सरळ बगीच्यातून. तीनशे मीटर, दोनशे ऐंशी. ह्या वाटेनं मी पूर्वी आलेही होते. पण वाट केव्हाच बुजली होती आणि तिथे झाडं लावलेली होती. सूर्य बघता बघता बुडाला. झाडांखाली एकदम काळोख झाला. दीडशे मीटरवर माझा उजवा पाय एका झाडाच्या आळ्यात गेला. त्याला नुकतंच पाणी दिलेलं होतं. काळ्या मातीचा चिखल म्हणजे काय हे पुस्तकातून कळत नाही. पाय काढला तर चप्पल राहिली, चप्पल काढायला वाकले तर मीच बसले.

तेवढ्यात माझ्या तोंडावर टॉर्च पडला.

"कोन हाये रे? संत्रा चोराले लाज नाई वाटत? पिकू तं द्या!"

आवाज तोच. सहावी 'ब' ज्या आवाजाला घाबरायची तो. मी चिखलात बसून म्हटलं, "मी शालू."

"कोनती शालू?"

"पुण्याची."

टॉर्च हलला नाही. मी सगळं पाठांतर विसरले होते. मग प्रश्न आला.

"गाडी कितीची हाये तुही?"

खोटं बोलावंसं फार वाटलं. पण नाही बोलले. "उद्या संध्याकाळची."

"वाटलंच," इंदू म्हणाली आणि टॉर्च वळवून चालायला लागली. दहा पावलांवर थांबून मागे न बघता म्हणाली, "चाल. तिथं डुक्करं येतेत."

घरी कढत पाणी मिळालं, इंदूचं लुगडं मिळालं, पाट मिळाला. ज्वारीची भाकरी, ओल्या तुरीच्या दाण्यांची झणझणीत आमटी, ठेचा. इंदू वाढत होती, पण बोलत नव्हती. केस पांढरे झाले होते, पाठ मात्र ताठ होती. नामदेवराव दोघींच्या वाटचं बोलत होते. पाऊस, बहार, माकडं, सगळं झाल्यावर त्यांना विषय उरेना, तेव्हा त्यांनी कोनाड्यात ठेवलेलं यंत्र पाहिलं. "हे तेच काय, मास्तरीनबाई? मांगच्या वक्ताचं?"

मी सांगायला लागले. आठवडे, एक हजार तेवीस, मग शून्य. इंदू चुलीकडे तोंड करून बसली होती. ती न वळता म्हणाली, "दोनाचा दहावा घात." गणिताच्या बाईंना राहवलं नव्हतं.

"काय?" नामदेवराव म्हणाले.

"एक हजार चोवीस म्हंजे दोनाचा दहावा घात. दहा खाने असतीन त्याच्यात. भरले का पुन्हा शून्य. कोनती तारीख दाखवून राहिलं ते?"

"सत्तावीस मे," मी म्हटलं. "दोन हजार पाच."

इंदूनं भाकरी तव्यावर तशीच सोडली आणि माझ्याकडे वळली. बोटांवर काहीतरी मोजलं. मोजायची गरज नव्हती, तारीख तिला पाठ होती. जन्मभर वारावर चाललेल्या ह्या बाईला ती एक तारीख माझ्याइतकीच पाठ होती.

"म्हंजे भांडन उद्याचं हाये," ती म्हणाली.

भाकरी करपल्याचा वास येऊ लागला.

"आजून झालंच नाई तं मी मुकी कायले बसून राहिली? दोन घंट्यापासून जीभ चावून राहिली मी इथं!" आणि मग तिनं भाकरी उलटली, माझ्या ताटात तूप ओतलं आणि सुरू झाली. शाळेतल्या कुणाचं काय झालं, मुख्याध्यापक आहेत की गेले, माझे गुडघे कसे आहेत, मी इतकी वाळले का. मी पिशवीतून फुटाणे काढून तिच्यापुढे ठेवले. तिनं पुडी हुंगली. "जुन्या शहरातले," एवढंच म्हणाली आणि पुडी आपल्या उशाशी नेऊन ठेवली.

शनिवार, बसस्टँड

सकाळी न्याहारी झाल्यावर इंदू पदर खोचून उभी राहिली. "दहाची बस होती तुही. चाल."

"कुठे?"

"भांडाले. जे ठरलं ते ठरलं. तुहंच म्हननं हाये ना?"

ती थट्टा करते आहे असं मला वाटलं. ती थट्टा करत नव्हती. आम्ही दोघी बसस्टँडवर गेलो. मी यंत्र धरून सहावं ठिकाण शोधलं. तिथे आता शेड झाली होती. चार मीटरच्या फरकानं आम्ही दोघी त्याच जागी समोरासमोर उभ्या राहिलो. एक बस सुरू होऊन घरघरत होती.

"तू गेली," इंदू म्हणाली, "अन् दुसऱ्या दिवशी चाळीस मानसं आली जेवाले. पुण्याची मैत्रीन येऊन राहिली म्हनून मीनंच बोलावली होती साऱ्याइले. रोडगे भाजून झाले, वांग्याची भाजी झाली, अन् जो येईन तो इचारे, पाहुनी कुठं हाये? मी काय सांगू? तिले तिकीट प्यारं हाये म्हनून सांगू? मी सांगतलं, तिची तब्येत बिघडली, रातोरात न्या लागली. विहिरीवरच्या आसरांपुढं नैवेद्य ठेवला अन् त्याइच्या समोर खोटं बोलली मी. तुह्यासाठी."

आसरा म्हणजे विहिरीवरच्या पाण्याच्या देवता. त्यांच्यासमोर खोटं बोलणं इंदूला किती जड गेलं असेल, ते मला तेव्हा कळलं. मी समजत होते, की मी तिचं एक जेवण चुकवलं. मी तिला तिच्या माणसांत एकटं पाडलं होतं.

"माझं चुकलं, इंदू," मी म्हटलं.

"मोठ्यानं बोल. बसचा आवाज येऊन राहिला."

"माझं चुकलं!" मी ओरडले. बसमधले तीन प्रवासी खिडकीतून बघायला लागले. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.

इंदूनं नाक पुसलं. "मीबी तुले न इचारता रविवार धरला होता. पन ते मी आज कबूल नाई करनार. संक्रांत मंगळवारी हाये. गोड बोलाले आजून तीन दिवस हायेत." मग चपलेनं जमिनीवर रेघ ओढत म्हणाली, "उद्या रोडगे हायेत मळ्यात. नामदेवरावानं रातीच साऱ्याइले फोन केले. थांबशीन का जाशीन, तुहं तू पाह्य."

संध्याकाळची गाडी होती. सोमवारी पुण्यात दाताच्या डॉक्टरांची वेळ घेतलेली होती, तीही दीड महिना आधी. मी तिथेच शेडच्या बाकावर बसून मोबाइल काढला आणि आरक्षण रद्द करायला लागले. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, नक्की का? खरंच का? उभ्या आयुष्यात मी काढलेलं तिकीट कधी रद्द केलं नव्हतं. तिसऱ्यांदा विचारल्यावर इंदूनं माझ्या खांद्यावरून हात पुढे करून बटण दाबलं.

रविवार, मळा

रोडगे करणं हे पुरुषांचं काम, हे मला नवीन होतं. नामदेवराव आणि त्यांचे दोन चुलतभाऊ सकाळपासून कणकेचे जाड गोळे वळत होते, थरावर थर, मुठीएवढे. मग गोवऱ्यांचा विस्तव पेटवून, तो निवून निखारे फुलू लागले की त्यात ते पुरायचे. बाहेर काढून राख झटकायची आणि हातानं फोडून त्यात तूप सोडायचं. सोबत वांग्याची भाजी आणि घट्ट वरण. पुण्यात पाहुण्याला 'अजून घ्या' असं म्हणतात आणि पाहुणा 'नको' म्हणाला की सुटतात. इथे 'नको' हा शब्द कुणाला ऐकूच येत नाही. मी तीन रोडगे खाल्ले. तिसऱ्यानंतर मला उठवायला दोघीजणी लागल्या.

आसरांना नैवेद्य दाखवायला इंदूनं मला पुढे केलं. मी हात जोडले. तिनं माझ्याकडे बोट दाखवून विहिरीत डोकावत मोठ्यानं सांगितलं, "पाह्य माय, आली ते. उशीर झाला." आणि आपलं आपण समाधान पावून मागे सरली.

मी विहिरीच्या काठावर बसून यंत्र काढलं आणि नवी नोंद केली. क्रमांक सात. रविवार, एकोणतीस मे, दोन हजार पाच. इंदू चष्मा सावरत माझ्या शेजारी येऊन बसली आणि यादी वाचू लागली.

"शनिवारी बसस्टँड. रविवारी विहीर." तिनं दोन्ही नोंदींवरून बोट फिरवलं. "म्हंजे बस चुकली होती तुही. अन् तू परत आली."

"यंत्राच्या मते तसंच आहे."

"मंग ऱ्हाऊ दे तसंच. दुरुस्त नको करू."

मी दुरुस्त केलेलं नाही. मी पुण्याला परतल्यावर नीलेशनं दोनदा विचारलं. यंत्र कपाटात नाही, टेबलावर आहे आणि सेल घातले की अजून आपला तोच उन्हाळा सांगतं.

पंगत उठत असताना नामदेवरावांच्या आत्याबाई काठी टेकत माझ्यापाशी आल्या. नव्वदीच्या असाव्यात. त्या वीस वर्षांपूर्वीच्या पंगतीलाही होत्या, असं इंदू मघाशी सांगत होती. त्यांनी माझा चेहरा जवळून न्याहाळला, थरथरता हात माझ्या गालावरून फिरवला आणि काळजीनं विचारलं, "तूच ते पुन्याची पोरगी ना? बरं हाये का वं माय आता? लय बिमार झाली होती म्हने तू."

मी इंदूकडे पाहिलं. ती विस्तवातला शेवटचा रोडगा शोधण्यात फार गुंतली होती.

"हो आत्याबाई," मी म्हटलं. "आता बरं आहे."